फिकट आणि गडद यांच्या मधली जागा: सॉफ्टवेअरचं रूप ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सॉफ्टवेअरचं बाह्यरूप आखणारे डिझायनर, ते कोडमध्ये उतरवणारे डेव्हलपर आणि कोणती सेटिंग ठेवायची, कोणती काढायची हे ठरवणारे सर्व जण यांस,

सप्रेम नमस्कार.

मी दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनवर मजकूर वाचते आणि लिहिते. काही महिन्यांपूर्वी, मी रोज वापरते त्या लेखनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. सकाळी ते उघडलं तर समोर सगळं पांढरंशुभ्र. सेटिंगमध्ये गेले. जिथे पूर्वी थीमची, म्हणजे स्क्रीनचे रंग ठरवणारी, फाइल निवडता यायची तिथे आता तीनच पर्याय होते: फिकट, गडद, सिस्टीमप्रमाणे. सहा वर्षं थोडीथोडी सुधारत आणलेली माझी थीम त्या आवृत्तीला वाचताच येत नव्हती. बदलांच्या यादीत याबद्दल एवढंच होतं की थीमची निवड आता सोपी केली आहे.

दुपारपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं. मला मायग्रेन आहे आणि प्रखर पांढरा उजेड ते हमखास चाळवतो. मग गडद घ्या की, असं कुणीही म्हणेल. घेतलं. पण मला ॲस्टिगमॅटिझमही आहे, म्हणजे डोळ्याच्या वक्रतेतला दोष. काळ्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्या कडा पसरतात, प्रत्येक अक्षराच्या मागे त्याचंच एक पुसट अक्षर उभं राहतं. माझी थीम या दोन्हींच्या मधली होती. ओल्या मातीसारखी तपकिरी-करडी पार्श्वभूमी आणि तिच्यावर वाळल्या गवताच्या रंगाची अक्षरं. ती बघून कुणी वाहवा करणार नाही, मलाही ती सुंदर वाटत नाही. पण तिच्यावर मी संध्याकाळपर्यंत वाचू शकत होते.

त्या सॉफ्टवेअरचं नाव मी लिहीत नाही, कारण २०१२ पासून हेच मी अनेक ठिकाणी होताना पाहिलं आहे. विंडोज ८ मधून (२०१२) क्लासिक थीम गेली. क्रोमने २०१४ मध्ये वापरकर्त्याची स्वतःची स्टाइलशीट (पानाचं रूप ठरवणारी फाइल) वाचणं बंद केलं. फायरफॉक्स ५७ आला (२०१७) आणि ब्राउझरचं सगळं रूप पालटणाऱ्या जुन्या थीम चालेनाशा झाल्या. प्रत्येक वेळी कारणं दिली गेली आणि त्यांतली बरीचशी खरी होती. त्या कारणांकडे मी येणारच आहे. आधी मला सांगायचं आहे ते हे, की थीम ही तुमच्याकडे शोभेच्या खात्यात टाकलेली गोष्ट आमच्यातल्या अनेकांसाठी काम करता येणं आणि न येणं यांतला फरक आहे.

ती शोभेच्या खात्यात गेली याचा थोडा दोष इतिहासाकडेही जातो. १९९७ साली आलेल्या विनॲम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामने 'स्किन' हा शब्द जगभर पोचवला. २७५ बाय ११६ पिक्सेलची ती इवलीशी विंडो. तिची बटणं, पट्ट्या, आकडे सगळं बिटमॅप म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांत साठवलेलं असायचं आणि ती चित्रं बदलली की रूप पालटायचं. लोकांनी हौसेने हजारो स्किन केल्या. त्या कल्पकतेवर माझं आजही प्रेम आहे. पण स्किन हे शेवटी चित्र होतं. चित्रातलं अक्षर मोठं करता येत नाही. आपल्यातला कोणता ठिपका मजकुराचा आणि कोणता नुसत्या नक्षीचा, हे चित्राला कळत नाही. आजच्या दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर ती विंडो मूळ आकारात उघडली तर काडेपेटीपेक्षा फार मोठी दिसत नाही.

त्याच्याही आधीची एक रीत मात्र वेगळी होती, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. विंडोज ३.१ च्या (१९९२) कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोची पार्श्वभूमी, विंडोतला मजकूर, मेनूची पट्टी, मेनूतला मजकूर, बटणाचा दर्शनी भाग, बटणाची सावली अशी एकेका भागाला नावं होती. त्या नावासमोर वापरणाऱ्याने हवा तो रंग ठेवायचा. नीट लिहिलेला प्रोग्राम सिस्टीमकडे 'पांढरा' मागत नसे. तो 'विंडोची पार्श्वभूमी' मागे आणि सिस्टीम त्याला वापरणाऱ्याने ठरवलेला रंग देई. त्याच विंडोजसोबत 'हॉट डॉग स्टँड' नावाची लाल-पिवळी रंगसंगती येत असे. कुरूपतेचा नमुना म्हणून तिची आजवर टिंगल होत आली आहे. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. इतके भडक रंग चढवले तरी मेनू मेनूसारखाच कळत होता, बटण बटणासारखंच दाबता येत होतं. रंग बदलले म्हणून काही कोसळलं नाही, कारण रंगांच्या खाली नावांचा सांगाडा होता.

टर्मिनलमध्ये, म्हणजे जिथे टाइप करून संगणकाला आज्ञा देतात त्या खिडकीत, ही रीत आजही टिकून आहे. प्रोग्राम '३१' हा क्रमांक पाठवतो, त्याचा अर्थ 'लाल अक्षरं'. तो लाल विटेसारखा असावा, डाळिंबासारखा असावा की गुलाबीकडे झुकलेला, हे टर्मिनल वापरणारा ठरवतो. या एवढ्याशा मोकळिकीवर केवढी कामं उभी राहिली! ईथन शूनोव्हर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोलराइज्ड या रंगसंगतीत सोळाच रंग आहेत, आणि तेच सोळा फिकट व गडद दोन्ही पार्श्वभूमींवर सारख्याच उठावाने दिसावेत म्हणून मोजूनमापून निवडलेले आहेत. चमकदार रंगांच्या काही जागा तिथे करड्या छटांना दिल्यामुळे काही प्रोग्रामांची पंचाईत होते, हे खरं. पण ज्यांनी सोलराइज्डचं नावही ऐकलं नव्हतं अशांनी लिहिलेले कितीतरी प्रोग्राम तिच्यात वाचता येतात. त्या प्रोग्रामांनी रंगाचा हट्ट धरला नव्हता, एवढंच त्यामागचं कारण.

मग गडद मोडची लाट आली. २०१८ मध्ये मॅकओएस मोहावी, २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३. त्याच २०१९ मध्ये मोठ्या ब्राउझरांत 'प्रिफर्स-कलर-स्कीम' ही सोय आली आणि वाचकाला फिकट हवं की गडद, हे संकेतस्थळाला आपणहून कळू लागलं. याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. पण या सोयीबरोबर एक समज पक्का झाला की थीम म्हणजे दिव्याचं बटण आहे, एक तर चालू नाही तर बंद. तुमच्या सेटिंगमधली ती तीन वर्तुळं याच समजातून आली आहेत.

डोळ्यांची अशी दोनच गटांत वाटणी होत नाही. निरोगी डोळ्यांना सहसा फिकट पार्श्वभूमीवरची गडद अक्षरं जास्त नीट वाचता येतात, कारण उजेडात बाहुली आकुंचन पावते आणि प्रतिमा रेखीव पडते. मोतीबिंदूने ज्यांच्या डोळ्यातलं भिंग धूसर झालं आहे त्यांचं बऱ्याचदा उलट असतं. पांढऱ्या पानाचा उजेड डोळ्याच्या आत विखुरतो आणि अक्षर त्यात बुडून जातं, म्हणून त्यांना काळ्यावरचं पांढरं बरं वाटतं. कुणाला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक, जितका जास्त तितका चांगला. मला तो एका मर्यादेपलीकडे सोसत नाही. वेबच्या मानकांत ही दोन्ही माणसं धरलेली आहेत: 'प्रिफर्स-कॉन्ट्रास्ट' या प्रश्नाला जसं 'जास्त' हे उत्तर आहे तसं 'कमी' हेही आहे. 'जास्त' म्हणणाऱ्यांची सोय करणारी सॉफ्टवेअर मला भेटली आहेत. 'कमी' म्हणणाऱ्यांची आठवण ठेवणारी फार थोडी. आणि एकाच माणसाचे डोळे तरी सकाळी, तिन्हीसांजेला आणि तापात सारखे कुठे असतात?

आता तुमची बाजू. ती मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः थीम बनवते आणि लोकांच्या तक्रारी माझ्याकडेही येतात. मे २०१९ मध्ये ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपसाठी ॲप लिहिणाऱ्या काही विकासकांनी एक खुलं पत्र प्रसिद्ध केलं होतं. आमच्या ॲपवर परस्पर थीम चढवून ती लोकांना देऊ नका, अशी त्यांची लिनक्स वितरणांना (लिनक्सचे तयार संच लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांना) विनंती होती. त्यांचं म्हणणं रास्त होतं. ॲप एका स्टाइलशीटवर तपासलेलं असतं आणि वितरण दुसरीच बसवतं. मग मजकूर पार्श्वभूमीत विरघळतो, आयकॉन बदलल्याने अर्थ बदलतो, मदतीच्या पानावरचं चित्र समोरच्या स्क्रीनशी जुळत नाही आणि त्याचा जाब द्यावा लागतो तो ॲप लिहिणाऱ्याला. आपल्या संगणकावर स्वतःच्या जबाबदारीवर फेरफार करणाऱ्यांना त्यांनी अडवलं नव्हतं, हेही इथे नोंदवायला हवं. पुढे लिबअद्वैता ही ग्नोमच्या ॲपना ठरावीक रूप देणारी कोडची लायब्ररी आली, मार्च २०२२ च्या ग्नोम ४२ पासून त्यांची बरीच ॲप तिच्यावर गेली आणि बाहेरच्या थीमना अधिकृत अशी जागा उरली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्नोम ४७ ने वापरकर्त्याला नऊ ॲक्सेंट रंगांतून, म्हणजे बटणांसारख्या मोजक्या जागी उठून दिसणाऱ्या रंगांतून, निवड करू दिली.

हा सगळा वाद मी जमेल तितका वाचला. विकासकांची दमछाक मला कळत होती आणि तरी सारखं वाटत होतं की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चालला आहे. थीम चढवल्यावर ॲप मोडतं कारण थीम बनवणाऱ्याला ॲपच्या पोटात हात घालावा लागतो. अमुक डब्याच्या आतला तमुक डबा, त्याच्या आतलं तिसरं बटण, अशा पत्त्यावर जाऊन तो रंग लावतो. तुम्ही पुढच्या आवृत्तीत एक डबा हलवलात की त्याचे सगळे पत्ते चुकतात. इथे दोघांत कसला करारच झालेला नाही. करार नाही म्हणून भांडण होतं, आणि भांडण नको म्हणून दार लावलं जातं. मी तुम्हाला करार करा म्हणते आहे.

हा करार फार मोठा नसतो. विंडोज ३.१ ने जे केलं तेच, आजच्या साधनांनी: रंगाचं नाव न घेता कामाचं नाव घ्यायचं. मुख्य पार्श्वभूमी. तिच्यावरचा मजकूर. दुय्यम मजकूर. निवडलेली ओळ आणि त्या ओळीवरचा मजकूर. दुवा. धोक्याची सूचना आणि तिच्यावरचा मजकूर. फोकस (कीबोर्ड सध्या ज्या भागावर आहे तो) कुठे आहे ते दाखवणारी कड. यात जोड्या महत्त्वाच्या आहेत. प्रत्येक पार्श्वभूमीला तिच्यावर बसणाऱ्या मजकुराचं नाव जोडलेलं हवं. माझ्या वाट्याला आलेल्या बिघाडांतले निम्मे असेच होते, की पार्श्वभूमी थीममधून आली आणि अक्षरांचा रंग कोडमध्ये कुणीतरी हाताने लिहून ठेवलेला होता. तपकिरीवर काळं. डोळे ताणून वाचायचं.

वेबवर काम करणाऱ्यांकडे यासाठी सीएसएसची (पानाचं रूप सांगणाऱ्या भाषेची) व्हेरिएबल, म्हणजे रंगासारख्या किमतीला दिलेली नावं, आहेत आणि इतर बहुतेक साधनांत त्यांचे भाऊबंद आहेत. पण व्हेरिएबल वापरलं म्हणजे झालं असं मात्र नाही. 'निळा-५००' हे नाव घेऊन ते शंभर ठिकाणी लावलेलं मी पाहिलं आहे. ते निळं कुठे दुवा आहे, कुठे बटण आहे, कुठे आलेखातली एक रेघ आहे. मला फक्त दुव्याचा रंग बदलायचा असेल तर बदलता येत नाही. आणि 'निळा-५००' मध्ये मी नारिंगी भरला तर तुमच्याच संघातला पुढचा माणूस चक्रावून जाईल. तुमच्या रंगपेटीला रंगांची नावं जरूर असू द्या. तिच्यावर कामाच्या नावांचा एक थर ठेवा आणि थीमसाठी तेवढाच थर उघडा करा.

किती नावं? माझ्या अनुभवात वीस-पंचवीस पुरतात. एका सॉफ्टवेअरमध्ये मला शेकडो नावांची यादी मिळाली होती. देणाऱ्याचं मन मोठं होतं, पण त्या सगळ्या जागा कुणीच भरत नाही, आणि न भरलेल्या प्रत्येक जागी मूळ थीमचा पांढरा तुकडा उघडा पडतो. माझ्या तपकिरी स्क्रीनवर अचानक एक पांढरी चौकट उगवते. रात्रीच्या अंधारात तोंडावर टॉर्च मारल्यासारखं होतं. त्यापेक्षा मोजकी नावं मागा आणि उरलेली त्यांच्यावरून काढा. माउस वर आल्यावरचा रंग कुणी दिला नसेल तर मूळ रंग थोडा उजळ किंवा थोडा मंद करून घ्या, बाहेरचा पांढरा तिथे आणू नका. आयकॉन एकरंगी असतील तर त्यांना शेजारच्या मजकुराचाच रंग घेऊ द्या. पानाच्या कोडमध्येच लिहिलेल्या एसव्हीजी चित्रांत 'करंट-कलर' हा शब्द वापरला की ते आपोआप होतं.

थेट लिहिलेले रंग शोधायला मी एक युक्ती वापरते. फक्त तपासणीसाठी एक भडक थीम बनवायची, सगळ्या पार्श्वभूम्या पोपटी, सगळा मजकूर जांभळा, सगळ्या कडा नारिंगी. ती चढवून सॉफ्टवेअरचा कोपरान् कोपरा फिरायचा: चुकीच्या पासवर्डची सूचना, रिकामी यादी, छपाईची चौकट, एखाद्या बटणावर माउस ठेवल्यावर दिसणारी टीप. जिथे पांढरं, काळं किंवा करडं दिसेल तिथे कुणीतरी रंग हाताने लिहिलेला आहे. एका दुपारी एवढं काम होतं. तुमच्या स्वयंचलित चाचण्यांत अशी थीम घालून स्क्रीनची चित्रं काढून ठेवलीत, तर नव्याने घुसलेला पांढरा तुम्हाला आमच्या तक्रारीच्या आधी सापडेल.

आता कॉन्ट्रास्टचं. लोकांच्या हाती रंग दिले की ते वाचता न येणारं काहीतरी करून ठेवतील, ही भीती मी पुष्कळदा ऐकली आहे. ती खोटी नाही. मी स्वतः तेच केलं आहे. माझ्या पहिल्या थीममध्ये चुका दाखवणारा मजकूर विटकरी लाल होता आणि बरोबर असल्याची खूण शेवाळी हिरवी. माझ्या डोळ्यांना दोन्ही स्पष्ट वेगळे दिसायचे. ती थीम वापरणाऱ्या एकाने कळवलं की त्याला लाल-हिरव्यातला भेद दिसत नाही, आणि माझ्या थीममध्ये चूक कोणती व बरोबर कोणतं हे त्याला प्रत्येक ओळ वाचूनच कळतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशा दृष्टीचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. म्हणजे मला हे आधीच सुचायला हवं होतं. मी रंगांची उजळता वेगवेगळी केली. पण ते सॉफ्टवेअर चूक दाखवायला रंगाशिवाय दुसरं काहीच वापरत नव्हतं, आणि ते बदलणं माझ्या हातात नव्हतं. ते तुमच्या हातात आहे. रंगाच्या जोडीला एक खूण, एक शब्द, एक वेगळा आकार ठेवा. मग कुठलीही थीम आली तरी अर्थ जागेवर राहील.

रंग वाचता येण्याजोगे आहेत की नाहीत हे मोजण्याचं गणित तयार आहे. वेबच्या सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर दिलेलं आहे. २०१८ च्या २.१ आवृत्तीने बटणांच्या कडा आणि अर्थ सांगणारी चिन्हं यांनाही ३ ला १ ची अट लावली. काळ्या-पांढऱ्याचं गुणोत्तर २१ ला १ येतं, त्याहून जास्त शक्यच नाही. हे गणित किती काटेकोर आहे पहा. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही घटक (० ते २५५ च्या मापावर) ११९ असलेला करडा रंग पांढऱ्यावर ४.४८ देतो, म्हणजे नापास. तिन्ही ११८ केले की ४.५४, पास. डोळ्याला हा फरक दिसणार नाही, संगणकाला क्षणात कळतो. मग वापरणाऱ्याने रंग निवडताच तिथेच गुणोत्तर दाखवायला काय हरकत आहे?

दाखवा, सावध करा, पण अडवू नका. मला कमी कॉन्ट्रास्ट लागतो तो माझ्या डोळ्यांमुळे, अज्ञानामुळे नाही. याच मार्गदर्शक तत्त्वांच्या सर्वांत वरच्या पातळीवर, २००८ च्या २.० आवृत्तीपासून, असंही म्हटलेलं आहे की सलग मजकुराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा रंग वापरणाऱ्याला निवडता यायला हवा. ती ओळ लिहिणाऱ्यांनी माझ्यासारख्यांचा विचार केला होता, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगते, कारण ती ॲक्सेंट रंग देणाऱ्या पुष्कळांच्या हातून निसटते. रंग, संपृक्तता आणि उजळता अशा एचएसएल पद्धतीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोन्हींची उजळता ५० टक्केच भरते. प्रत्यक्षात पिवळ्याची सापेक्ष दीप्ती (काळा ० आणि पांढरा १ धरून डोळ्याला जाणवणारा उजेड) ०.९३ च्या आसपास आहे आणि निळ्याची ०.०७. बटणावर नेहमी पांढरी अक्षरं, असा नियम केलात तर निळ्यावर गुणोत्तर ८.५९ येतं आणि पिवळ्यावर १.०७. म्हणजे पिवळा निवडणाऱ्याला बटणावर काय लिहिलंय ते दिसणारच नाही. त्यामुळे अक्षरांचा रंग पार्श्वभूमीच्या दीप्तीवरून ठरू द्या, आणि छटा काढायच्या असतील तर ओकेलॅबसारखी (२०२०) डोळ्यांच्या अनुभवाला जुळणारी पद्धत वापरा. अँड्रॉइड १२ ने (२०२१) वॉलपेपरवरून रंग काढायला सुरुवात केली तेव्हा त्यामागे असाच हिशोब ठेवला गेला. तिथे प्रत्येक रंगाला ० ते १०० असा टोन असतो. दोन रंगांच्या टोनमध्ये ५० चं अंतर ठेवलं की ४.५ ला १ ची खात्री मिळते, मग वॉलपेपर समुद्राचा असो की झेंडूच्या फुलांचा. निवड देऊनही वाचनीयता राखता येते, हे तुमच्याच व्यवसायातल्या लोकांनी दाखवून दिलेलं आहे.

तरीही ॲक्सेंट रंगाला थीम म्हणू नये. भिंती पांढऱ्याच ठेवून दाराची मूठ कुठल्या रंगाची हवी, एवढंच त्यात विचारलेलं असतं.

विंडोजमधल्या कॉन्ट्रास्ट थीमची, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीच्या मोजक्या रंगांच्या थीमची, चाचणीही आवर्जून करा. तिथे वापरणारा मोजके रंग ठरवतो आणि ब्राउझर संकेतस्थळाचे रंग बाजूला सारून ते लावतो. सावल्या काढून टाकल्या जातात. बटणाची कड तुम्ही नुसत्या सावलीने दाखवली असेल तर बटण अदृश्य होतं, उरतो हवेत तरंगणारा शब्द. उपाय एका ओळीचा आहे: बटणाला पारदर्शक कड देऊन ठेवा. एरवी ती दिसत नाही, कॉन्ट्रास्ट थीममध्ये तिला आपोआप रंग चढतो. थीम अक्षरांनाही लागू पडते, त्यामुळे फाँट आणि ओळींमधलं अंतरही बदलू द्या. देवनागरीसारख्या, वर-खाली मात्रा-उकार असणाऱ्या लिप्यांत ओळीची उंची ताठर ठेवली की 'कू' चा ऊकार कापला जातो आणि 'कीर्ती' वाचायला अंदाज बांधावा लागतो.

सुरक्षिततेची काळजी मात्र मी हलकी मानत नाही. मार्च २०२४ मध्ये केडीई प्लाझ्मा या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपवर एका वापरकर्त्याने इतर कुणी बनवलेली ग्लोबल थीम (सगळं रूप एकदम बदलणारी) बसवली आणि त्याच्या वैयक्तिक फाइली पुसल्या गेल्या. त्या प्रकारच्या थीममध्ये रंगांबरोबर चालणारा कोडही येऊ शकतो, आणि बसवणाऱ्याला तर वाटत असतं की आपण फक्त रंग घेतोय. त्यावर थीम बंद करणं हा उपाय ठरत नाही. रंग आणि कोड वेगळे ठेवावेत. रंगांची फाइल ही नावं आणि आकडे यांची साधी मजकूर-फाइल असावी, सॉफ्टवेअरने तिच्यातून फक्त ठरलेली नावं वाचावीत, बाकी सगळं टाकून द्यावं. अशा फाइलीतून काहीही 'चालवलं' जाणार नाही. खुद्द केडीईची रंगसंगतीची फाइल अशीच साधी आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सीएसएसची कल्पना होकून व्यूम ली यांनी १९९४ मध्ये मांडली तेव्हापासून तिच्यात पानाचं रूप ठरवण्यात लेखक आणि वाचक दोघांचाही वाटा धरलेला होता. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत दोघांनीही 'हे महत्त्वाचं' असं ठासून सांगितलं तर लेखकाचा शब्द चाले. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम मुद्दाम उलटा केला. तेव्हापासून शेवटचा शब्द वाचकाचा. तो नियम मानकात आजही आहे. फायरफॉक्समध्ये वाचकाची स्टाइलशीट वाचली जाते, पण २०१९ पासून त्यासाठी एक आडबाजूची सेटिंग आधी चालू करावी लागते. नियम लिहिणाऱ्यांनी वाचकाला खुर्ची दिली होती, ती हळूहळू माळ्यावर गेली.

तुमच्या रचनेचा मला आदर आहे. कुणीतरी रात्री जागून अंतरं जुळवलेली असतात, रंग पारखलेले असतात, हे दिसतं. सुरुवातीला तेच रूप दिसू दे, बहुसंख्य लोक ते तसंच ठेवतील. आयकॉनचे आकार, बटणांच्या जागा, तुमच्या उत्पादनाची ओळख यांना मी हात लावायला मागत नाही. त्या सेटिंगच्या पानावर फिकट, गडद आणि सिस्टीमप्रमाणे अशी तीन वर्तुळं आहेत, तिथे चौथं ठेवा. ते निवडल्यावर वीस-पंचवीस नावांची एक फाइल उघडू द्या, शेजारी कॉन्ट्रास्टचा आकडा दाखवा आणि 'मूळ रूपात परत' असं एक बटण ठेवा. ते बटण मात्र थीमच्या रंगांत रंगवू नका, म्हणजे कुणी काळ्यावर काळं करून बसलं तरी त्याला परतीची वाट दिसेल. नावं बदलावी लागली तर जुनी नावं निदान एक आवृत्ती चालू ठेवा आणि बदलांच्या यादीत तसं स्पष्ट लिहा.

ज्या सॉफ्टवेअरपासून मी सुरुवात केली त्याची जुनी आवृत्ती मी सध्या वापरते आहे. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. नव्या आवृत्तीत चौथं वर्तुळ आलं तर माझी भडक पोपटी थीम चढवून मी पहिल्याच आठवड्यात सगळे कोपरे फिरेन आणि जिथे जिथे पांढरं सापडेल त्याचं चित्र तुम्हाला पाठवीन.

आपली,
फिकट आणि गडद यांच्या मधे बसून वाचणारी एक वापरकर्ती